स्वस्त पडलं की महाग, हे कळतं कधी?

साध्या पिवळ्या बल्बपासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब स्वच्छ मांडता येतो. ६० वॉटचा असा बल्ब साधारण ८०० ल्युमेन उजेड देतो आणि १,००० तासांच्या आसपास टिकतो. तेवढाच उजेड देणारा एलईडी बल्ब ९ वॉट घेतो आणि त्याच्या खोक्यावर बहुतेक वेळा १५,००० तासांचं आयुष्य छापलेलं असतं. दोन्ही शेजारी ठेवले तर पिवळा बल्ब स्वस्त, यात वाद नाही. आता १५,००० तासांचा उजेड हवा आहे असं धरा. पिवळे बल्ब लागतील १५ आणि वीज जाळतील ९०० युनिट. एलईडी लागेल एक, वीज १३५ युनिट. मधला फरक ७६५ युनिटांचा. तुमच्याकडच्या विजेच्या दराने याला गुणा. जो आकडा येईल त्याच्यापुढे दोन बल्बांच्या किमतीतला फरक कुठल्या कुठे राहतो.

दुकानात दिसणारी किंमत एकदाच आणि एकरकमी समोर येते, म्हणून ती टोचते. उरलेला खर्च महिन्या-महिन्याला, थोडाथोडा, निरनिराळ्या नावांनी जातो: वीज, दुरुस्ती, सुटे भाग, सर्व्हिसिंग, आणि वस्तू ऐनवेळी बंद पडली की होणारा खोळंबा. हे सगळं एका कागदावर कुणी लिहून देत नाही. दोन वस्तूंमध्ये निवड करताना आपण तुलना करतो ती बहुधा फक्त पहिल्या आकड्याची, आणि तोच आकडा पुष्कळदा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण प्रिंटर निघायच्या कितीतरी आधीची, पण त्याला चपखल बसते. इंकजेट प्रिंटर पुष्कळदा अगदी कमी नफ्यात विकला जातो; खरी कमाई शाईच्या कार्ट्रिजवर असते. म्हणून यंत्राची किंमत विचारण्याआधी कार्ट्रिजच्या किमतीला त्यातून निघणाऱ्या पानांनी भागून बघावं. खोक्यावरचा पानांचा आकडा ठरावीक नमुन्याची पानं सलग छापून काढलेला असतो; फोटो किंवा गडद रंग छापायचे तर शाई त्याच्या खूप आधी संपते. शिवाय इंकजेट बरेच दिवस पडून राहिला की त्याच्या तोंडाची बारीक छिद्रं वाळलेल्या शाईने बुजतात, आणि ती साफ करायला तो पुन्हा शाईच खर्च करतो. महिन्याकाठी दोन-चार पानं छापणाऱ्याची बरीचशी शाई कागदावर येतच नाही. लेझर प्रिंटरचा टोनर म्हणजे कोरडी पूड. ती वाळायचा प्रश्नच नाही. तेव्हा अधूनमधून नुसता मजकूर छापणाऱ्याला सुरुवातीला महाग वाटणारा लेझर पुढे परवडतो. मुलांचे रंगीत प्रकल्प रोज छापणाऱ्या घराचं गणित वेगळं. आणि वर्षाला मोजून पाच-सहा पानं लागणाऱ्याने प्रिंटर घेऊच नये, बाहेरून छापून आणावीत. ‘कुठला प्रिंटर चांगला?’ या प्रश्नाला उत्तर नाही. ‘मला कुठला?’ याला आहे.

मग जास्त टिकणारं ते चांगलं, असा सरळ नियम करून टाकावा का? बल्बचाच इतिहास इथे आडवा येतो. १९२४ साली ओसराम, फिलिप्स यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी जिनिव्हात ‘फोबस’ नावाचा संघ उभा केला आणि बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणून ठेवायचं ठरवलं. ज्या कारखान्याचे बल्ब त्याहून जास्त टिकत, त्याला दंड होई. ग्राहकाला लुबाडण्याचं उदाहरण म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि त्यांचा डोळा नफ्यावर होताच. पण सांगणारे सहसा अर्धीच गोष्ट सांगतात. बल्बमधली तार कमी तापवली तर ती जास्त तास टिकते हे खरं, मात्र तेवढ्याच विजेत ती उजेड कमी देते. वीज बल्बपेक्षा कितीतरी महाग. म्हणजे वर्षानुवर्षं न जाणारा पिवळा बल्ब हा मंद उजेडासाठी वीज ओतत राहणारा बल्ब. टिकाऊपणा हा हिशेबातला एक रकाना आहे, अख्खा हिशेब नव्हे.

खोक्यावरच्या १५,००० तासांबद्दलही एक सांगून ठेवतो. एलईडीचा दिवा सहसा जळत नाही, त्याला वीज पुरवणारं आतलं सर्किट जातं, आणि ते जातं उष्णतेने. चारी बाजूंनी बंद काचेच्या गोळ्यात तोच बल्ब लावला तर खोक्यावरचं आयुष्य विसरायचं. वस्तूची गुणवत्ता वस्तूत असते तशी ती आपण कुठे आणि कशी वापरतो यातही असते.

आता भागाकाराकडे वळू. एखादी वस्तू किती वेळा वापरली जाणार, याने एकूण खर्चाला भागलं की दर वापरामागचा खर्च निघतो. चांगल्या बुटांचा जोड रोज चार वर्षं वापरला तर त्याचा दिवसाचा खर्च नगण्य. समारंभापुरता घेतलेला स्वस्तातला जोड दोनदा घातला तर तो महाग. ही रीत सोपी आहे आणि उपयोगीही, पण तिच्यात एक चोरवाट आहे: भाजक आपणच ठरवतो. आणि तो ठरवताना आपण स्वतःबद्दल फार उदार असतो.

याचा सगळ्यांत बोलका पुरावा व्यायामशाळांतून आलेला आहे. स्टेफानो डेला विन्या आणि उल्रिके मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या काही हेल्थ क्लबांच्या सदस्यांची हजेरी तपासली. त्यांचा निबंध २००६ साली छापून आला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सदस्य महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून अधिक पडत होते. आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलर पडले असते! वर्गणी भरताना त्यांनी डोळ्यांपुढे आणला होता तो उद्यापासून नेमाने येणारा माणूस. घरात कपडे वाळत घालायच्या कामाला लागलेली ट्रेडमिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना आणखी काही सांगायला नको. म्हणून भाजक काढताना ‘मी किती वापरीन’ असं न विचारता ‘यासारखी मागची वस्तू मी खरोखर किती वापरली’ हे विचारावं. उत्तर नावडतं येतं, पण खरं येतं.

मूल्य माणसागणिक बदलतं ही गोष्ट अर्थशास्त्रालाही उशिरा उमगली. अॅडम स्मिथने १७७६ साली प्रश्न मांडला होता: पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते जवळपास फुकट, आणि हिऱ्याचा उपयोग फारसा नाही तरी त्याला एवढी किंमत, असं का? नीट उत्तर मिळायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. १८७१ मध्ये कार्ल मेंगर आणि विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, जवळपास एकच उत्तर दिलं. आपण ‘पाणी’ नावाची अख्खी गोष्ट कधीच विकत घेत नाही; घेतो ती पुढची बादली. आधीच्या बादल्या भरलेल्या असतील तर पुढचीची किंमत नगण्य. वाळवंटात हीच बादली हिऱ्याला भारी.

खरेदीच्या पिशवीत हे तत्त्व रोज लागू पडतं. पहिली चांगली छत्री आणि चौथी छत्री यांची किंमत सारखी असेल, मूल्य सारखं नसतं. ‘दोन घ्या, तिसरं मोफत’ हे वाचताना विचार करायचा तो तिसऱ्याचा: त्याची मला गरज आहे का, आणि नसेल तर पहिल्या दोनांपैकी दुसऱ्याची तरी होती का?

इथवरचं गणित कुणालाही जमण्यासारखं आहे. तरी आपण चुकतो, कारण आपलं डोकं किमतीची तुलना वस्तूच्या उपयोगाशी न करता दुसऱ्या कुठल्या तरी किमतीशी करत असतं. एमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ च्या एका निबंधात हे फार साध्या प्रश्नाने दाखवलं. तुम्ही १२५ डॉलरचं जाकीट आणि १५ डॉलरचा कॅल्क्युलेटर घेताय. विक्रेता सांगतो, हाच कॅल्क्युलेटर आमच्या दुसऱ्या शाखेत १० डॉलरला मिळतोय, गाडीने वीस मिनिटं. जाल का? ६८ टक्के लोक म्हणाले, जाऊ. दुसऱ्या गटासाठी किमतींची अदलाबदल केली: जाकीट १५ चं, कॅल्क्युलेटर १२५ चा, आणि दुसऱ्या शाखेत तो १२० ला. आता जायला तयार होते फक्त २९ टक्के. वाचणार होते तेच पाच डॉलर, जाणार होती तीच वीस मिनिटं, एकूण बिलही तेच. फरक एवढाच की १५ मधले पाच डोळ्यांत भरतात आणि १२५ मधले पाच भरत नाहीत. पैशाला मात्र आपण कशातून वाचलो हे ठाऊक नसतं.

हीच खोड उलट्या बाजूने जास्त महागात पडते. किरकोळ खरेदीत दहा-पाचासाठी घासाघीस करणारे आपण मोठ्या खरेदीच्या वेळी ‘एवढे दिलेत तर हेही घालून टाका’ म्हणून मोकळे होतो. नव्या गाडीसोबत गळ्यात मारलेली अॅक्सेसरी, नव्या घराच्या बजेटात शिरलेली महागडी फिटिंग्ज: एरवी वेगळी घ्यायची वेळ आली असती तर चार दुकानं फिरलो असतो.

खोडून शेजारी नवी लिहिलेली किंमत याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवते. रिचर्ड थेलर यांनी १९८५ मध्ये खरेदीतल्या समाधानाचे दोन भाग पाडले: एक वस्तू मिळाल्याचं, दुसरं ‘सौदा’ मिळाल्याचं. दुसरं समाधान खोटं नाही, चांगलं घट्टमुट्ट असतं. फक्त ते बिल देऊन बाहेर पडल्यावर फार वेळ टिकत नाही, आणि वस्तू मात्र कपाटात वर्षानुवर्षं राहते. त्यावर उपाय म्हणून मला एकच प्रश्न कामाचा वाटतो. खोडलेली किंमत कधी छापलेलीच नसती, आणि आज समोर दिसते ती रोजचीच किंमत असती, तर ही वस्तू घेतली असती का?

बरं, महाग म्हणजे चांगलं ही समजूत तरी खरी का? थोडीशी. चांगला माल बनवायला खर्च जास्त येतो हे बरोबर, पण जास्त किमतीमागे चांगला मालच असतो असं नाही. किंमत आपल्या अनुभवावरही परिणाम करते हे त्याहून विचित्र. बाबा शिव, झिव कार्मन आणि डॅन एरिएली यांच्या २००५ च्या प्रयोगांत काहींना पूर्ण किमतीचं आणि काहींना सवलतीतलं म्हणून एकच एनर्जी ड्रिंक देण्यात आलं, मग शब्दकोडी सोडवायला दिली. सवलतीतलं पिणाऱ्यांनी कमी कोडी सोडवली.

या भुरळीतून सुटतात कोण? त्या विषयातले जाणकार. अमेरिकेतल्या खरेदीच्या आकडेवारीवरून २०१५ साली निघालेला एक निष्कर्ष मला फार आवडतो. डोकेदुखीचं औषध घेताना सर्वसाधारण ग्राहक नामांकित ब्रँडची महाग गोळी २६ टक्के वेळा उचलतात. औषधविक्रेते स्वतःसाठी घेतात तेव्हा हे प्रमाण ९ टक्के. त्यांना माहीत असतं की आतला औषधी घटक तोच आहे. तेव्हा आपल्याला न कळणारी वस्तू घ्यायची असेल तर त्या धंद्यातल्या माणसाला ‘कुठली चांगली?’ असं विचारू नये. ‘तुम्ही घरी कुठली वापरता?’ असं विचारावं.

सगळ्या वस्तू सारख्या जोखता येत नाहीत, हा मुद्दा इथे महत्त्वाचा. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये दोन प्रकार केले: घेण्याआधी बघून कळणाऱ्या वस्तू आणि वापरल्यावरच कळणाऱ्या. तीन वर्षांनी डार्बी आणि कार्नी या दोघांनी तिसरा प्रकार जोडला, वापरूनही न कळणाऱ्या. टेबल पहिल्या प्रकारात येतं: हलवून बघा, खालून बघा, झालं. गादी दुसऱ्या, दुकानात पाच मिनिटं आडवं होऊन पाठीचं काही कळत नाही, म्हणून तिथे परत करायची मुदत किती आहे हे कापडाच्या रंगापेक्षा मोलाचं. आणि गाडीच्या मेकॅनिकने ‘हा पार्ट बदलावा लागला’ म्हटलं, तर तो खरंच बदलायला हवा होता का, हे गाडी सुरळीत चालू लागल्यावरही आपल्याला समजत नाही. तिसऱ्या प्रकारात पैसे वस्तूला कमी आणि माणसाच्या सचोटीला जास्त द्यायचे असतात. तिथे सगळ्यांत कमी दर सांगणारा शोधत फिरणं धोक्याचं.

त्याच वर्षी, १९७० ला, जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या गाड्यांच्या बाजाराचं उदाहरण घेऊन दाखवलं की गिऱ्हाइकाला माल पारखता येत नसेल तर ते सरासरी मालाचाच भाव देतं. मग चांगला माल असणाऱ्याला तो विकणं परवडत नाही, तो बाजारातून काढता पाय घेतो, आणि उरतो तो भंगार माल. २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला तो या कामासाठी. वॉरंटीचं खरं काम इथे लक्षात येतं. दुरुस्तीचा खर्च कोण देणार हा तिचा एक भाग झाला. पण ज्याचा माल वारंवार बिघडतो त्याला लांबलचक वॉरंटी देणं झेपत नाही, म्हणून वॉरंटी हा विकणाऱ्याने स्वतःच्या मालाबद्दल दिलेला कबुलीजबाबही असतो. अर्थात त्यातली बारीक अक्षरं वाचून. मोटरवर दहा वर्षं आणि बाकी सगळ्यावर एक, अशी वॉरंटी असेल तर बिघडणार कोण, हे त्यांनीच सांगून ठेवलंय.

बघून कळणाऱ्या वस्तूही आपण नीट बघत नाही. एक पाठीवरची सॅक हातात घ्या. बाहेरून दिसतात ते कप्पे, रंग आणि लोगो. ती आतून उलटी करा. पट्टा पिशवीला जिथे जोडला आहे तिथे सगळं वजन येतं. तिथे एकच सरळ शिलाई आहे की चौकोन करून त्यात फुलीसारखी पुन्हा मारलेली? शिवणीच्या बाहेर कापड किती सोडलंय? दोन-तीन मिलिमीटरच असेल तर वजन आल्यावर धागे तिथून सुटू लागणार. कापडाच्या कडा पट्टीने झाकल्यात की दसा निघतायत? चेन चार-पाच वेळा उघड-मीट करा, वळणावर मुद्दाम. सॅक टाकून द्यावी लागते ती बहुधा चेनपायी. हे सगळं दोन मिनिटांत होतं आणि यातलं काहीही किमतीच्या लेबलवर नसतं. स्वस्त सॅक या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि महागडी नापास, असंही होतं.

विजेच्या वस्तूंना हीच परीक्षा थोडी बदलून लावायची. स्क्रू दिसतात की सगळं डिंकाने बंद केलंय? बॅटरी बदलता येते का? सुटे भाग मिळतात का आणि किती वर्षं? न उघडणारी वस्तू बिघडत नाही तोवरच स्वस्त.

आता एक अडचणीचा प्रश्न. ‘एकदाच चांगलं घ्या’ हा सल्ला देणं सोपं आहे, पण त्यासाठी हातात आज रोख असावी लागते. जेरी हाउसमन यांनी १९७९ मध्ये खोलीत बसवायच्या एअर कंडिशनरची खरेदी तपासली. लोक आजची किंमत आणि पुढचं वीजबिल यांची सांगड घालतात, हे त्यांना दिसलं, पण पुढच्या पैशाला दरसाल सुमारे २० टक्के दराने कमी लेखून. आणि उत्पन्न जितकं कमी, तितका हा दर चढा. याला अडाणीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला पाच वर्षांनी वाचणाऱ्या पैशांपेक्षा या महिन्याचं भाडं मोठं असतं. त्याने कर्ज काढून टिकाऊ वस्तू घेतली तर वाचणारं सगळं व्याजात जाऊ शकतं. अशा वेळी जी वस्तू रोज वापरायची आणि जी बंद पडली तर रोजगार थांबतो, तेवढ्या एका-दोन वस्तूंत पैसा घालून बाकीचं साधं घेणं हाच बरा मार्ग.

स्वस्त घेणं बरोबर असतं अशा जागाही पुष्कळ. एकदाच लागणारं अवजार, लहान मुलाचे दोन-चार महिन्यांत अपुरे होणारे बूट, हरवण्याचीच शक्यता जास्त असलेली वस्तू. नव्या छंदाची पहिली सामग्रीही स्वस्त घ्यावी, किंवा कुणाची मागून आणावी. सहा महिन्यांनी छंद टिकला तर काय कमी पडतंय हे तेव्हा नेमकं कळलेलं असतं. आणि किरकोळ वस्तूंसाठी यातला कुठलाच हिशेब करू नये. आपला वेळही खर्चात धरायचा असतो. हौसेला मोल नाही म्हणतात तेही मला मान्य आहे: रोज हातात घेताना बरं वाटणारं पेन हा खराखुरा उपयोग आहे, फक्त ती हौस आपली असावी, शेजाऱ्याला दाखवायची नसावी.

राहता राहिली ती परत विकण्याची किंमत, जी हिशेबात जवळजवळ कुणीच धरत नाही. वस्तू घेतली त्या किमतीतून ती विकताना मिळणारी रक्कम वजा केली की खरा खर्च उरतो. काही वस्तू, उदाहरणार्थ चांगल्या घडणीची लाकडी कपाटं, वाद्यं, कॅमेऱ्याच्या लेन्स, वर्षांनंतरही बऱ्या भावाला जातात. त्याच कॅमेऱ्याची बॉडी मात्र नवं मॉडेल आलं की घसरते. गाडीची सगळ्यांत मोठी घसरण बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत होते. म्हणजे दोन-तीन वर्षं वापरलेली, पारखून घेतलेली गाडी घेणाऱ्याच्या वाट्याची ती घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. मात्र पारखायला जाणकार माणूस सोबत न्यावा आणि त्याची फी गाडीच्या किमतीतच धरावी.